रोजचं दळण, चोडणच्या फेरीवर

“पडलो मरे!”

काही वर्षं माझी सकाळ या दोन शब्दांनी सुरू व्हायची. गोव्यात, मांडवीतल्या चोडण बेटाच्या धक्क्यावर स्कूटरवर बसल्या बसल्या मी मान खाली घालून व्हिटावर, म्हणजे हातात धरायच्या व्हिडिओ गेमच्या यंत्रावर, खेळत असायचो, आणि पाटी शेजारी टेकवून फेरीबोटीची वाट बघणारी एक मासळीवाली माझ्या खांद्यावरून वाकून बघायची. पाच इंची पडद्यावर एक इवलासा माणूस चाकांच्या फळीवरून सुसाट यायचा, जिन्याच्या कठड्यावर चढून घसरत जायचा, हवेत एक गिरकी घ्यायचा आणि शेवटी तोंडावर आपटायचा. तो आपटला की मागून आवाज यायचा. एकदा तर तिने काळजीनेच विचारलं, “तुजो तो केन्नाच उबो रावना कितें रे?”

चोडण-रायबंदरला २०२५च्या पावसाळ्यात रो-रो बोटी आल्या. गाड्या भराभर आत जातात, बोट लगेच सुटते, आणि माझं धक्क्यावरचं थांबणं जवळजवळ संपलं. तक्रार नाही, कामावर वेळेत पोचतो. पण परवा रेनकोटच्या आतल्या खिशात सवयीने हात गेला आणि तिथे फक्त स्कूटरची चावी लागली. म्हटलं, हे एकदा लिहून ठेवूया.

मी मयेचा. पणजीत एका चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसतो. पुढे काउंटरवर गिऱ्हाइकं फ्रेम लावून आरशात बघत असतात, मागे मी त्या फ्रेमच्या आकाराची भिंगं घासत असतो. घरात आमची कोंकणी, शाळा मराठी, आणि हे लिहिणं मराठीतच सुचतं. लग्न केलं नाही. घरी आई, आणि शाळा सुटल्यावर बहिणीचा मुलगा. एवढी ओळख पुरे.

व्हिटा मी विकत घेतला नाही. तो माझा होता असंही म्हणता येणार नाही. आमच्या वाड्यावरचा एक मुलगा तारवटी. क्रूझवर किचनमध्ये असतो, आठ-नऊ महिने समुद्रावर आणि दोन-तीन महिने घरी. तारवटी घरी आला की वाड्यावर चॉकलेटं, परफ्यूम आणि कसलं ना कसलं यंत्र येतंच. २०१८मध्ये त्याने हा प्लेस्टेशन व्हिटा आणला. नवीन यंत्र नव्हेच ते. जपानात २०११च्या डिसेंबरात बाजारात आलं होतं, आणि २०१९मध्ये कंपनीने ते बनवणंही थांबवलं. त्याने कुठल्याशा बंदरावर वापरलेलं घेतलं होतं. बोटीवर परत जाताना माझ्याकडे देऊन म्हणाला, “दादा, हें तुजेकडेन दवर. आमगेर आवय पावसांत वोल्यो घालता ताचेर.” त्याच्या आईचा राग येण्यात अर्थ नव्हता. तिच्या दृष्टीने ते बिघडलेल्या फोनसारखं काहीतरी होतं आणि त्याच्यावर ओला टॉवेल वाळत घालायला तिला काहीच हरकत नव्हती.

त्यात एकच खेळ होता. ‘ओलीओली’.

नाव वाचून मी आधी हसलो. जुलैमध्ये मयेत राहणाऱ्या माणसाला ओली म्हणजे काय हे कुणी सांगायला नको. चड्डी ओली, काडेपेटी ओली, भिंतसुद्धा ओली. पण स्केटबोर्डवाल्यांची ओली ही एक उडी. फळीची शेपटी पायाने जमिनीवर आपटायची, फळी उसळते, पुढचा पाय तिच्यावरून वर सरकवत न्यायचा, आणि माणूस फळीसकट हवेत. हात लावायचा नाही. पाय फळीला बांधलेले नसतात, चिकटवलेले नसतात, तरी फळी पायांबरोबर वर येते. फ्लोरिडातल्या अ‍ॅलन गेल्फंड नावाच्या पोराने १९७०च्या दशकाच्या शेवटी रिकाम्या तलावांच्या उतारांवर हे पहिल्यांदा करून दाखवलं. त्याचं टोपणनाव ओली, म्हणून उडीही ओली. पुढे रॉडनी मलनने तीच उडी सपाट जमिनीवर आणली, आणि मग रस्ते, पायऱ्या, कठडे, बाकडी, सगळं शहरच या लोकांचं मैदान झालं. हे सगळं मला नंतर कळलं. सुरुवातीला मी नुसता पडत होतो.

पडत होतो याचं कारण सांगतो, कारण या खेळाची सगळी गंमत त्या कारणात आहे.

व्हिटावर उजव्या बाजूला चार बटणं: त्रिकोण, गोळा, चौकोन आणि फुली. आयुष्यात जो कुठला असा खेळ हातात आला होता त्यात फुली दाबली की उडी. इथे फुली दाबली की माणूस पायाने रेटा देऊन वेग घेतो, बस. उडी डाव्या बाजूच्या छोट्या स्टिकवर. तिला अंगठ्याने खाली ओढायचं, धरून ठेवायचं आणि सोडायचं. आमच्या लहानपणी आंब्यावर गलोल मारायचो तसं. दगड ओढताना उडत नाही, सोडताना उडतो. स्टिक कुठल्या दिशेला ओढली, किती गोल फिरवली, त्यावर हवेत फळी कशी फिरेल ते ठरतं. रेलिंगवर चढायचं असेल तर टेकायच्या जरा आधी स्टिक दाबून धरायची. एवढं मला दोन दिवसांत जमलं.

फुली लागते ती उतरताना. माणूस हवेतून खाली येतोय, चाकं जमिनीला लागणार, त्या क्षणी फुली दाबायची. बरोबर क्षणी दाबली तर पडद्यावर ‘परफेक्ट’. आधी दाबली तर कमी. दाबायलाच विसरलात तर ‘स्लॉपी’: माणूस हात हलवत कसाबसा तोल सावरतो, आणि वर हवेत तुम्ही केलेल्या सगळ्या कसरतींचे गुण जवळपास वाहून जातात. भारीतली भारी गिरकी घेतलीत, तीन कठडे सलग घसरलात, आणि शेवटी टेकताना बोट जरा आधी पडलं, की हातात चणे-फुटाणे.

आठवडाभर माझा अंगठा सवयीने उडीच्या वेळी फुलीवर जायचा आणि उतरायच्या वेळी मोकळा बसायचा. हे काही डोक्याने सुधारत नाही. डोकं पहिल्या दिवशीच शहाणं झालं होतं, हात ऐकत नव्हता.

हात ऐकायला लागला तो चतुर्थीच्या तोंडावर. आमच्या वाड्यावर घुमट आरतीची तालीम सुरू झाली. मी शामेळ नावाचं तालवाद्य वाजवतो, तारवटी घरी असला तर घुमटावर तो. घुमट म्हणजे दोन्ही तोंडं उघडी असलेलं मातीचं मडकं, एका तोंडाला कातडं ताणून बसवलेलं. पूर्वी ते घोरपडीचं असायचं, आता बकऱ्याचं. २०१९मध्ये सरकारने त्याला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, तेव्हा वाड्यावरच्या म्हाताऱ्यांना नवल वाटलं, कारण ते आधी कुणाचं वाद्य होतं असा त्यांचा प्रश्न होता. तर तालमीत आमचे एक काका आहेत. आरतीच्या मध्ये पोरं हात सोडून वाटेल तसे तुकडे वाजवायला लागली की ते डोळे मिटून ऐकतात, काही बोलत नाहीत. तुकडा संपताना मात्र एक बोट वर करतात. सम आली. त्या बोटाबरोबर पोराची थाप पडली तर मान हलवतात. अर्धी मात्रा मागे-पुढे झाली तर बोट तसंच वर राहतं, आणि आख्ख्या खोलीला कळतं.

त्या रात्री घरी येऊन मी व्हिटा उघडला आणि पडद्याऐवजी ते बोट डोळ्यांसमोर ठेवलं. फुली म्हणजे थाप. जमीन म्हणजे सम. त्याला घाई करायची नाही, ती तिच्या वेळेला येते. रात्री साडेअकरापर्यंत सहा-सात ‘परफेक्ट’ पडले. आई आतून ओरडली, “कितें दळटा रे इतले रातीं?”

तिला तो स्टिकचा कट-कट आवाज जात्यासारखा वाटत होता. आणि तिला माहीत नसताना तिने खेळाच्या वर्मावर बोट ठेवलं होतं, कारण या खेळात ‘डेली ग्राइंड’ नावाचा एक प्रकार आहे. रोजचं दळण. कठड्यावरून फळी घासत नेण्याला ग्राइंड म्हणतात, त्यावरचा तो शब्दखेळ असणार. मराठीत तो आपोआपच जमून येतो.

रोजच्या दळणाचा नियम असा. दर दिवशी जगातल्या सगळ्या खेळणाऱ्यांना तीच एक जागा मिळते, म्हणजे दोन-चार कठडे, एखादा जिना, मध्ये एखादी फट. तिच्यावर एकाच दमात, मध्ये जमिनीला चाकं न लावता, जेवढं जमेल तेवढं करायचं. टेकलात की संपलं. सराव हवा तेवढा करा, शंभर वेळा करा, तो मोजला जात नाही. मोजला जाणारा प्रयत्न चोवीस तासांत एक. त्यात पडलात तर उद्या या.

मला यात विशेष काही वाटलं नाही, कारण माझं कामच तसं आहे. नंबरच्या भिंगात सिलिंडर, म्हणजे डोळ्यातल्या वाकडेपणासाठीचा नंबर, असला की त्याला एक अक्ष असतो. गोल भिंगावर तो आखून घ्यायचा, फ्रेमचा आकार मशिनला द्यायचा, भिंग बसवायचं आणि घासायला सोडायचं. हिऱ्याचं चाक फिरतं, पाणी सुटतं, मिनिटा-दोन मिनिटांत गोल भिंग फ्रेमच्या आकाराचं होऊन बाहेर येतं. त्याआधी दहा वेळा मोजा, पुसा, पुन्हा आखा, कुणी विचारत नाही. चाक फिरलं की झालं. अक्ष थोडा चुकला तर गिऱ्हाईक चार दिवसांनी डोकं धरून येतं. तीस अंश चुकला तर त्या सिलिंडरचा फायदा शून्य, चष्मा लावून वाकडेपण जेवढं होतं तेवढंच राहतं, फक्त दिशा बदलून. असं माझ्या हातून एकदाच झालंय. ते भिंग मी अजून ड्रॉवरमध्ये ठेवलंय.

तर सरावाची आणि खऱ्याची ही वाटणी माझ्या अंगवळणी होती. सराव रात्री घरी, सोप्यावर, डास मारत. खरा प्रयत्न सकाळी फेरीत. का फेरीत? एक तर दुसरीकडे दोन्ही हात मोकळे नसतात. दुसरं म्हणजे फेरीला तिची वेळ असते. चोडणचा धक्का सोडल्यापासून रायबंदरला लागेपर्यंत दहा-एक मिनिटं. त्यात फोनचं हॉटस्पॉट लावायचं, व्हिटा जोडायचा, तीन-चार वेळा जागा नीट बघून घ्यायची आणि मग एकदा श्वास घेऊन खरं. नदीच्या मधोमध नेटवर्क सगळ्यांत चांगलं असतं, हा माझा अनुभव. खारफुटीकडे आलं की जातं.

बोटीचं इंजिन पायांतून वर चढतं. हँडल धरलेल्या हातात, मग अंगठ्यात. पहिले काही दिवस मी त्या थरथरीला शिव्या घातल्या. मग लक्षात आलं की स्कूटरवर बसून खेळलं तर टायर थोडं सोसतात, आणि उभं राहून खेळलं तर गुडघे. गुडघे थोडे वाकवून उभा राहायला लागलो. बाजूचे लोक बघायचे, चाळिशीचा बाप्या गुडघे वाकवून, जीभ दातात धरून कसली पूजा करतोय. ऑफिसला जाणारे दोघे ओळखीचे झाले होते. ते काही विचारायचे नाहीत, फक्त माझा चेहरा बघून “आज?” एवढंच. मी मान हलवायचो, उभी किंवा आडवी.

एक वाईट सवय लागली ती म्हणजे बोटीला गुण देणं. बोट धक्क्याला लावणं हे सोपं काम नाही. मांडवीला भरती-ओहोटी आहे, पाणी आत ओढत असतं नाहीतर बाहेर, आणि चालवणाऱ्याने ती जड लोखंडी बोट तिरपी आणून पुढचा उतार धक्क्यावर नेमका टेकवायचा. भरतीला उतार जवळजवळ सपाट, ओहोटीला असा उभा की स्कूटरवाले आधीच पाय खाली सोडून तयार. काही माणसं अशी बोट लावायची की कळायचं नाही, फक्त साखळीचा आवाज आणि लोक चालायला लागले. परफेक्ट. काही वेळा धाड्कन आपटायची, उभी माणसं एकमेकांवर, मासळीवालीची पाटी सरकायची आणि ती आकाशाकडे बघून दोन शब्द बोलायची. स्लॉपी. मी मनातल्या मनात हे पडद्यावरच्या अक्षरात लिहायचो. एकदा अगदी तोंडातून निघालं. खलाशाने वळून बघितलं. मी व्हिटा दाखवला.

सगळ्यांत मोठी अडचण गुणांची नव्हती, नावाची होती. खेळ तारवट्याच्या खात्यावरून उतरवलेला. खातं काढलं तर खेळही गेला. त्यामुळे जगाच्या यादीत माझ्या रोजच्या दळणासमोर त्याचं नाव, जे त्याने पहिल्या जहाजाचं नाव आणि स्वतःचं जन्मसाल जोडून केलेलं होतं. मी चांगला खेळलो तर तो चांगला, मी आपटलो तर तो आपटला. कधी कधी त्याचा मेसेज यायचा. त्याच्या बोटीवर इंटरनेट महाग, तो बंदरावर उतरला की फोन लावायचा आणि आधी आईची चौकशी, मग गणपतीवरच्या माटोळीला काय काय बांधलं, मग “दादा, म्हजें नांव कितलें वयर आसा?” माझं नाव किती वर आहे. मी नंबर सांगायचो. तो खूश. मी इथे रोज गुडघे वाकवून त्याचं नाव राखत होतो.

आमच्या भाच्याला हे सगळं हास्यास्पद वाटायचं. तो तेव्हा तेरा वर्षांचा, नुकतंच टोकियोचं ऑलिम्पिक झालेलं. तिथे स्केटबोर्ड पहिल्यांदाच आला आणि मुलींच्या स्ट्रीट प्रकारात जपानच्या तेरा वर्षांच्या मोमिजी निशियाने सुवर्ण जिंकलं. दुसरी आलेली ब्राझीलची रायसा लियालही तेराच. आपल्या वयाच्या मुली पदक घेतात म्हटल्यावर भाच्याने बहिणीच्या मागे लागून फळी मिळवली. चाकं मजबूत, वर सँडपेपरसारखा खरखरीत कागद चिकटवलेला. पण मयेत ती चालवायची कुठे? चिऱ्याचं अंगण, पुढे डांबर, त्यावर पावसाने खड्डे. शेवटी देवळाच्या मंडपाची फरशी सापडली, आणि तिथूनही त्याला पुजाऱ्याने हाकललं. मग वाड्यावरच्या एका बंद पडलेल्या घराची गच्ची.

“मामा, तू जें करता तें स्केटिंग न्हय,” तो म्हणायचा. “बटण दामता तू.”

मी म्हटलं, आण ती फळी. आता हे बोलायची काय गरज होती? पण बोललो. गच्चीवर गेलो, शेपटीवर उजवा पाय, पुढे डावा. डोक्यात सगळं स्पष्ट होतं. आपट, सरकव, सम. मी आपटलं. फळी कुठेतरी गेली, मी कुठेतरी गेलो, आणि मधल्या काळात भाचा ओरडला ते ऐकू आलं. डाव्या हातावर पडलो. हाड नाही मोडलं, पण मनगट सुजलं आणि तीन आठवडे क्रेप बँडेज. आईने हळद लावली आणि एवढंच म्हणाली, “तुजें वय कितें, तुजें दळप कितें.”

तेव्हा मला एक गोष्ट कळली, ती लिहितो. पडद्यावरचा माणूस पडतो तेव्हा एक बटण दाबलं की तो पुन्हा सुरुवातीला उभा. त्याला मनगट नाही. टोनी हॉक या नावाजलेल्या स्केटबोर्डवाल्याने १९९९मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स गेम्स स्पर्धेत नऊशे अंशांची गिरकी, म्हणजे हवेत अडीच फेऱ्या, पहिल्यांदा उतरवून दाखवली, तो व्हिडिओ मी आधीही बघितला होता. बँडेज बांधून परत बघितला. ठरलेली वेळ संपली होती, तरी तो परत परत वर चढत होता. अडीच फेऱ्या तो प्रत्येक वेळी घेतच होता जवळजवळ. पडत होता तो टेकताना. आधी मी व्हिडिओत गिरकी बघायचो. आता फक्त त्याचे गुडघे बघितले. शेवटच्या वेळी तो जवळजवळ बसलाच खाली, एक हात फरशीला लागेल इतका, आणि मग तसाच पुढे सरकत गेला.

तीन आठवडे रोजचं दळण भाच्याने केलं. सकाळी शाळेआधी. तो माझ्यापेक्षा बरा निघाला, हे सांगून टाकतो. त्याला सम वगैरे काही माहीत नव्हतं. त्याला उतरताना पायाला काय वाटतं ते माहीत होतं.

खेळ कुणी बनवला ते मी एकदा शोधलं होतं. लंडनची रोल-७ नावाची छोटी कंपनी. व्हिटासाठी २०१४च्या जानेवारीत काढला, पुढच्या वर्षी त्याला ब्रिटनच्या बाफ्टाचा क्रीडा खेळाचा पुरस्कारही मिळाला. नंतर मोठी, रंगीत ‘ओलीओली वर्ल्ड’ २०२२मध्ये आली, ती भाच्याने मित्राच्या निन्टेंडो स्विचवर खेळून बघितली आणि छान आहे म्हणाला. मी दोनदा खेळलो. तिथे सगळं गोड, माणसं हसतात, झाडं नाचतात. मला तो काळपट, बंदराच्या कंटेनरांवरून घसरणारा आपला पहिलाच बरा वाटला. जिथे राहतो तिथे पाणी, लोखंड आणि गंज हेच रोजचं आहे. २०२४मध्ये ती कंपनी बंद झाली, तेव्हा भाच्यानेच बातमी दाखवली. “मामा, तुझी दळण-कंपनी.”

मध्ये एकदा व्हिटाची डावी स्टिक आपोआप खाली ओढली जायला लागली. कारण सरळ आहे, मी तिला वर्षानुवर्षं खालीच ओढत होतो, त्यात नदीवरची खारी हवा. म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराच्या गर्दीत एका फोन दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने पाच मिनिटं उलटसुलट केला आणि विचारलं, “हें कितें?” मी म्हटलं, खेळायचं. त्याने स्टिकचा सुटा भाग ऑनलाइन मागवला, पुढच्या शुक्रवारी बसवून दिला, ४५० रुपये. त्या आठवड्यात यादीवरचं नाव घसरलं. तारवट्याचा बंदरावरून फोन आला, “दादा, बरें ना?”

आता २०२३ची चतुर्थी. तारवटी घरी आला होता. दहा महिन्यांनी घुमट हातात घेतलं आणि पहिल्या आरतीला काकांचं बोट तसंच वर राहिलं. तो लाजला, हसला, नेवरी तोंडात टाकली. दुसऱ्या घरी बरा वाजवला, पाचव्या घरापर्यंत जुना झाला. रात्री सगळी घरं फिरून आमच्या सोप्यावर आलो तेव्हा त्याने व्हिटा मागितला. अर्थात त्याचाच. मी दिला.

आणि मग रोजचा एक प्रयत्न आम्हा दोघांत वाटायचा प्रश्न आला. पहिल्या दिवशी तो म्हणाला, दादा तूच कर. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, तूच कर, नाव तुझं आहे. हा औपचारिकपणा चार दिवस टिकला. मग उघड भांडणं. मी म्हणायचो, सराव कोण करतंय? तो म्हणायचा, खातं कुणाचं? भाचा म्हणाला दोघांपेक्षा मी बरा आहे, आणि ते खरं असल्याने त्याला कुणी उत्तर दिलं नाही. शेवटी ठरलं: एक दिवस त्याचा, एक माझा. त्याच्या दिवशी तो माझ्याबरोबर फेरीवर यायचा, काही काम नसताना, मागे बसून. बोट मधोमध आली की खेळायचा. तो वेगाने खेळतो, सराव करत नाही, आणि उतरताना त्याचा अंगठा जरा उशिरा पडतो, नेहमीच. नऊ महिने डोलणाऱ्या जमिनीवर उभा राहिलेल्या माणसाला जमीन कधी येणार याचा अंदाज वेगळा असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मासळीवालीला तो आवडायचा. “हाचो बरो उडटा,” ती म्हणायची. पडतो तो भाग तिने त्याला माफ केला होता.

त्याची सुट्टी संपली. विमान पहाटेचं, मोपाहून. आदल्या रात्री निरोप झाला, आईने त्याला लोणच्याची बरणी दिली. सकाळी उठलो तर सोप्यावर दाराच्या कडीला प्लास्टिकच्या पिशवीत व्हिटा अडकवलेला, पूर्ण चार्ज. दिवस माझा होता.

धक्क्यावर रेनकोटमधून पिशवी काढली. बोट सुटली, हॉटस्पॉट लावलं, गुडघे वाकवले. रोजचं दळण उघडलं तर आजची जागा दिसत होती, आणि खाली पुढच्या दिवसाचे तास उलटे मोजले जात होते. आजचा प्रयत्न झालेला. यादीत त्याचं नाव, आणि समोर असा आकडा की माझ्या सगळ्या वर्षांत मला कधी पडला नव्हता. निघायच्या आधी, पहाटे तीनला वगैरे, बॅगा भरून झाल्यावर खेळला असणार. त्याच्या सोप्यावर, जिथे जमीन हलत नाही.

“आज?” ऑफिसवाल्याने विचारलं.

मी मान कुठल्या बाजूला हलवावी ते ठरवेपर्यंत रायबंदर जवळ आलं. व्हिटा बंद करून खिशात टाकला. ओहोटी होती, बोट तिरपी येत होती, साखळी खाली सुटली. काहीच कळलं नाही. मासळीवाली पाटी डोक्यावर घेऊन चालायलाही लागली.

परफेक्ट.